बातमीचा धनी कोण?

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी आम्ही आजवर यथाशक्ति काही ना काही लिहून देत आलो आहोत. तोरणा, राजगड व रोहिडा यांच्याविषयी लिहून झाले. पंतसचिवांच्या भोर संस्थानाविषयीही लिहून झाले. यंदा चिटणीसांची सूचना अशी होती की, ‘गुरुजी, बारा मावळांपैकी एखाद्या मावळाचा इतिहास द्या.’ त्यांची क्षमा मागून आम्ही यंदा निराळाच विषय घेत आहोत, तो म्हणजे बातमी. हा विषय सुचण्यास आमच्याच हातून घडलेली एक चूक कारणीभूत आहे, आणि ती चूक ज्ञातिबांधवांच्या मोबाईलवरील समूहातच घडलेली असल्यामुळे तिची कबुलीही याच पानांवर देणे उचित होय.

२०२४ सालच्या जुलै महिन्यात पुणे शहरात व आपल्या खोऱ्यांत अतोनात पाऊस झाला. २५ जुलैच्या पहाटे खडकवासला धरणातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीतील घरांत शिरले, हे वाचकांस स्मरत असेलच. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी रात्री दहाच्या सुमारास आमच्या मोबाईलवर एक बातमी आली. मथळा असा होता: ‘पानशेत धरण फुटले! पुण्यात हाहाकार, पाहा थरारक दृश्ये.’ पानशेत म्हणजे आपल्या वेल्हे भागातील धरण. आमच्या काळजात चर्र झाले. आम्ही ती बातमी उघडून पाहिली नाही. आपली माणसे वेळीच सावध व्हावीत या सद्हेतूने ती तशीच्या तशी समूहावर पुढे पाठविली.

अर्ध्या तासाने उघडून वाचली तेव्हा कळले की तो १९६१ सालच्या प्रलयाचा वृत्तांत होता. छायाचित्रे जुनी, कृष्णधवल. मजकूरही बहुतांशी खरा. मथळ्यातून सन तेवढे वगळले होते.

परंतु त्या अर्ध्या तासात व्हायचे ते होऊन गेले होते. आमची थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणतो, ती पुण्यास नदीपासून जवळच मुलाकडे राहते. १९६१ साली ती अकरा वर्षांची होती व शिक्षणासाठी शनिवार पेठेत मावशीच्या घरी होती. तो लोंढा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. मुलगा रात्रपाळीस गेलेला, पावसाने वीज गेलेली, अशा स्थितीत दोन नातवांना हाताशी धरून ती अंधारात जिना उतरू लागली आणि पडली. खुब्याचे हाड मोडले. तेव्हा तिचे वय चौऱ्याहत्तर होते.

पुढे आम्ही त्या बातमीच्या कर्त्याचा शोध घेतला. पानावर संपादकाचे नाव नव्हते, गावाचे नाव नव्हते, छापखाना तर नव्हताच. ‘संपर्क’ म्हणून जो पत्ता दिला होता, त्यावर धाडलेले पत्र परत आले. बातमी होती, पण तिला धनी नव्हता. आमची शिक्षकी वृत्ती अशी की एखादी गोष्ट बिघडलेली दिसली म्हणजे ती पूर्वी कशी होती हे तपासावेसे वाटते. त्या तपासणीतून जे हाती लागले ते येथे मांडतो.

आपल्या मुलखात वृत्तपत्र येण्यापूर्वी बातमी येई ती दवंडीने. भोर संस्थानचे तालुकेही किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात: विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड, पाचवे तेवढे पवनमावळ. सरकारी हुकूम चावडीवर येई आणि दवंडी देणारा तो गावभर फिरून सांगे. त्याचा चेहरा गावास ठाऊक असे. काही चुकीचे सांगितले तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच पारावर उभे करून विचारता येई. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण पुढील सर्व कथेचे बीज तीत आहे.

छापील मराठी वृत्तपत्राचा आरंभ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस ‘दर्पण’ या पत्राने झाला. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर हे त्याचे कर्ते; वय अवघे विशीचे. एका बाजूस इंग्रजी व एका बाजूस मराठी अशा दोन स्तंभांचे ते पत्र १८४० पर्यंत चालले. १८४९ साली पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ निघाला, तो १९५१ पर्यंत, म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. या पत्रांचे वर्गणीदार थोडे, उत्पन्न त्याहून थोडे. पण जो वाचत होता तोच पैसे देत होता, आणि जो लिहीत होता त्याचे नाव सर्वांस ठाऊक होते. १८६७ साली सरकारने कायदाच केला की प्रत्येक छापील पत्रावर मुद्रक, प्रकाशक व छापण्याचे स्थळ नमूद असलेच पाहिजे. पुढे संपादकाचेही नाव आवश्यक ठरले. सरकारचा हेतू काही वाचकहिताचा नव्हता. लेखक हाताशी सापडावा, एवढाच होता. पण त्या बारीक ओळीने वाचकाचेही कल्याण झाले, असे आम्हास वाटते.

ती ओळ काय करते हे पाहावयाचे तर १८८२ सालचे कोल्हापूर प्रकरण पाहावे. ‘केसरी’ निघून वर्ष-दीड वर्षच झाले होते. आगरकर ‘केसरी’चे, टिळक ‘मराठा’चे संपादक. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे अशी लोकांत बोलवा होती, आणि कारभारी माधवराव बर्वे यांचा त्यात हात आहे असे दर्शविणारी काही पत्रे या दोघांच्या हाती आली. महाराजांविषयीच्या कळकळीने त्यांनी ती विश्वासाने छापली. बर्व्यांनी बदनामीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरीही चार महिन्यांची सजा झाली व प्रत्यक्षात एकशे एक दिवस दोघे डोंगरीच्या तुरुंगात राहिले. त्यांच्या जामिनासाठी महात्मा फुले यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे पुढे आले, ही गोष्टही आजच्या पिढीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण मतांचे अंतर मोठे होते.

शाळेत आम्ही हे प्रकरण टिळकांचा पहिला तुरुंगवास म्हणून शिकवीत असू. त्यातील खरा धडा आमच्या ध्यानात निवृत्तीनंतर आला. खोटी पत्रे छापण्याची चूक एवढ्या थोर पुरुषांकडूनही झाली, आणि हेतू शुद्ध असूनही झाली. पण चूक ज्याची होती तो सापडला, त्याने ती मान्य केली व तिची किंमत स्वतःच्या देहाने भरली. त्यानंतरही लोकांनी ‘केसरी’ टाकला नाही. उलट सुटकेच्या दिवशी त्यांचा सत्कार केला.

जुना काळ सारा सुवर्णाचाच होता, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कोणाची बातमी ही बातमी आणि कोणाची नव्हे, याचा निवाडा थोड्या घरांच्या हाती होता. म्हणूनच १८७७ साली कृष्णराव भालेकरांना ‘दीनबंधु’ काढावा लागला. त्यांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ चालविला, आणि तोही नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून. १९६७ पर्यंत तो निघत होता. १९२० साली डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, हे स्वतः बाबासाहेबांनीच नमूद करून ठेवले आहे. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिका व मुखपत्रे निघू लागली ती याच उणिवेपोटी. आपल्या घरची लग्ने, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे यांची वार्ता दुसरे कोणी छापीत नव्हते.

भडक मथळ्याचेही तसेच. ते पाप मोबाईलने आणलेले नाही. अमेरिकेत पुलित्झर व हर्स्ट या दोन पत्रमालकांची १८९० नंतरच्या दशकातील चढाओढ ‘पीत पत्रकारिता’ या नावाने कुप्रसिद्ध आहे. आपल्याकडे १९१५ साली अच्युतराव कोल्हटकरांनी ‘संदेश’ काढला. चटकदार मथळे, घरगुती बोलीतली ‘वत्सलावहिनींची पत्रे’, युद्धाच्या व नाटकमंडळ्यांच्या वार्ता यांनी त्या पत्राने मुंबई वेड लावली. जुन्या पंडितांनी नाके मुरडली. पण कोल्हटकरांच्या मथळ्याखाली काहीतरी असे, आणि आवडले नाही तर कोल्हटकरांनाच शिव्या देण्याची सोय असे!

१ जानेवारी १९३२ रोजी अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला आणि अग्रलेखापेक्षा बातमीस मान दिला. गावोगावी वार्ताहर नेमावे, बाजारभाव द्यावे, पाऊसपाणी द्यावे, हे धोरण आपल्या भागास फार मानवले. १९६१ सालच्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या एका खटल्यामुळे या पत्राचा त्या वेळचा जमाखर्चही आपणास ठाऊक आहे. वृत्तपत्राने किती पानांस किती किंमत घ्यावी हे सरकार ठरवू पाहत होते. त्याविरुद्ध ‘सकाळ’ गेला व जिंकला. त्या कागदांत नोंद आहे की रोजच्या अंकाची किंमत ७ नवे पैसे, खप सुमारे ५२,००० आणि जाहिरातींनी व्यापलेली जागा सुमारे चाळीस टक्के. म्हणजे जाहिरातीवाचून वृत्तपत्र तेव्हाही चालत नव्हते. (या स्मरणिकेचा खर्च तरी कशावर निघतो? मागील पाने पाहावीत.) परंतु वाचकाने मोजलेले ७ पैसे हा त्या व्यवहाराचा पाया होता. वाचकाने अंक बंद केला की जाहिरातदारही जाई.

त्याच वर्षी, १२ जुलैच्या सकाळी, पानशेत फुटले. आंबी नदीवरील ते मातीचे धरण पुरते बांधून झाले नसताना भरू दिले गेले होते. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून बांध सावरण्याचा शिकस्तीने यत्न केला. पाणी खडकवासल्यास आले, तेही धरण फुटले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आक्का सांगते की त्या सकाळी खरी बातमी आणि अफवा यांतला भेद कळायला कोणतीच खूण नव्हती. जो पळत आला त्याच्यावर विश्वास ठेवावा लागला. त्रेसष्ट वर्षांनी, घरोघरी मोबाईल असता, तिच्यावर पुन्हा तीच वेळ आली, आणि या वेळी पळत येणारे आम्ही होतो.

आता थोडे स्वतःविषयी. आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो व भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांतील शाळांवर नोकरी केली. १९८५ च्या आसपास गुंजवणीच्या खोऱ्यात असताना काही वर्षे एका दैनिकास खेड्यातील बातम्या पोस्टकार्डावर धाडीत असू. मोबदला काही नाही. अंक तेवढा भेट येई, तोही एस.टी.ने व एक दिवस शिळा. एका पावसाळ्यात दरड कोसळून एक गोठा गाडला गेला. आम्ही उत्साहाने लिहिले, ‘असंख्य गुरे दगावली.’ आठव्या दिवशी कचेरीतून उलट कार्ड आले: ‘गुरे किती? कोणी मोजली? पंचनामा झाला काय? तलाठ्यांना विचारून कळवा.’ आम्हास राग आला. तरी पावसात पाच मैल चिखल तुडवीत तलाठ्यांकडे गेलो. तीन म्हशी व एक रेडकू. मग ती बातमी छापली गेली, सहा ओळींची, कोणाच्याही नजरेस न भरणारी. आणि त्या सहा ओळींचे कात्रण जोडून गोठ्याच्या मालकाने नुकसानभरपाईचा अर्ज केला. ते कार्ड लिहिणारे उपसंपादक कोण हे आम्हास कधीच कळले नाही. पण ‘कोणी मोजली?’ हा त्यांचा प्रश्न आम्ही पुढे तीस वर्षे वर्गात वापरला.

हे कार्ड येणे हळूहळू कसे बंद झाले, याचा इतिहास अजून नीटसा लिहिला गेलेला नाही. एक टप्पा मात्र स्पष्ट आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत निरनिराळ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती शब्दशः एकाच मजकुरात, बातमी म्हणून, प्रसिद्ध झाली. पी. साईनाथ यांनी ती ‘द हिंदू’मध्ये उघडकीस आणली. वृत्तपत्र परिषदेने उपसमिती नेमली. तिचा पूर्ण अहवाल परिषदेने आरंभी दाबून ठेवला व माहितीच्या अधिकारामुळे तो २०११ साली बाहेर आला. म्हणजे मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त होण्यापूर्वीच बातमीची जागा विक्रीस निघाली होती. घराचा वासा आधीच किडलेला होता. वादळ मागून आले.

वादळ आले ते २०१६ नंतर, इंटरनेट स्वस्त झाल्यावर. पूर्वी वाचक अंक विकत घेई. आता वाचक काही देत नाही. त्याचे बोट जितक्या वेळा मथळ्यावर पडते, तितक्या वेळा जाहिरातीचे चार-दोन पैसे मथळा लिहिणाऱ्यास मिळतात. वाचले किती, पटले किती, खरे किती, याची मोजणी नाही. उघडले किती, एवढीच आहे. यालाच ‘क्लिकबेट’ म्हणतात. ‘बेट’ म्हणजे गळाला लावलेले आमिष. मासा गळाला लागला की आमिषाचे काम संपते.

आम्ही व्याकरण शिकविलेले, म्हणून या मथळ्यांतील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘“या” जिल्ह्यात मुसळधार’, ‘“या” अभिनेत्रीने घेतला मोठा निर्णय’, ‘“या” शेतकऱ्यांनाच मिळणार पैसे’. नामापूर्वी आलेले ‘हा, ही, हे’ ही दर्शक विशेषणे होत, असे आम्ही पाचवीच्या मुलांस शिकवीत असू. ज्याने वस्तू दाखविली जाते ते दर्शक. येथे तोच शब्द वस्तू लपविण्यासाठी वापरला आहे! जिल्हा कोणता हे सांगितले तर कोणी उघडणार नाही, म्हणून अवतरणचिन्हांच्या बुरख्यात तो झाकावयाचा. आमच्या वाट्यास आलेल्या मथळ्यात सन झाकले होते.

यातून माणसे मरतात, ही अतिशयोक्ती नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडील पाच नाथपंथी डवरी गोसावी भिक्षेकरी जमावाच्या हातून मारले गेले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या वार्ता मोबाईलवरून फिरत होत्या. त्या कोणी लिहिल्या हे मारणाऱ्यांपैकी कोणीही विचारले नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सअपने एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास भारतात बंदी घातली. आमच्या चुकीस एकच समूह पुरला.

दुसरीकडे जेथे बातमी हवी तेथे ती पोचत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. सकाळी एस.टी. घेऊन गेलेल्या चालकाला गाव दिसेना, म्हणून जगास कळले. नंतर कॅमेरे रांगेने आले. आपल्या वेल्हे-भोरच्या कडेकपारींतील वाड्यांचीही गत निराळी नाही. तोरण्यावर पर्यटक अडकला तर तासाभरात मथळा होतो. शाळेच्या वर्गाचे छप्पर गळते याला ‘या’ लावण्याजोगे काही नसते. नसरापूर, भोर, वेल्हे येथे मोटारसायकलीवर फिरून खरी बातमी देणारे काही तरुण अजून आहेत. त्यांतील दोघे आमचे विद्यार्थी. त्यांस जे मानधन मिळते ते सांगण्यास आम्हासच संकोच होतो.

१८६७ चा तो जुना कायदा १ मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने बदलला गेला. पण छापील दैनिकाच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे आजही असतात. आम्ही चाळीस वर्षे वृत्तपत्र वाचले, पण ती ओळ कधी वाचली नव्हती.

आक्का आता काठी घेऊन चालते. त्या रात्रीविषयी ती आम्हास एकदाच बोलली. म्हणाली, ‘अरे, तू पाठवलंस म्हणून मी खरं मानलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर आधी खिडकीतून पाहिलं असतं.’ यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही समूहावर आपल्या नावाने चूक कळविली. तीस-पस्तीस जणांनी हात जोडल्याची चित्रे धाडली आणि त्याखालीच कोणीतरी नवी बातमी टाकली, ‘“या” धरणाचे दरवाजे उघडले.’ तिच्याखाली आम्ही लिहिले, ‘कोणते धरण? कोणी कळविले?’ उत्तर अद्याप आलेले नाही.